टायर बदलण्याआधी क्राऊनचे दात मोजा

(गुहागर येथील बैठकीत, कोरडवाहू भागातून आलेल्या शेतकऱ्यांसमोर केलेलं भाषण)



सकाळपासून कापसाचा भाव झाला, ज्वारीचा भाव झाला, कर्ज झालं, विमा झाला. आता जेवणाची वेळ जवळ आली आहे आणि अध्यक्षांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी सरकवली आहे. चिठ्ठी जतकडच्या भावांची आहे. चार घरांनी मिळून एक जुना ट्रक घेतलाय. त्याला ९.०० - २० चे टायर आहेत. गॅरेजवाला म्हणतो, १०.०० - २० चे टाका, गाडी उंच होईल, माल जास्त बसेल. आणि हात लागलाच आहे तर मागचा क्राऊन-पिनियनही बदला, पळणारा टाका, म्हणजे हायवेला डिझेल वाचेल. आता ही मंडळी विचारतात, करावं का?

काही जण हसताहेत. शेतकऱ्यांच्या बैठकीत ट्रकच्या क्राऊनचं काय काम? काम आहे. आपल्या बांधावरचा भाव आणि पेठेतला भाव यांच्यामध्ये जे अंतर असतं, त्यातला मोठा तुकडा चाकावर जातो. आजवर ते चाक दुसऱ्याचं होतं, आपण भाडं देऊन मोकळे व्हायचो. आता पोरं ट्रक घेताहेत, पिकअप घेताहेत, बँकेचे हप्ते अंगावर घेताहेत. चाक आपलं झालं तर चाकाचा हिशेबही आपल्यालाच करावा लागणार. तो गॅरेजवाल्यावर सोडला तर पेठेत मापाड्यावर काटा सोडण्यासारखं होईल.

मी कृषी पदवी घेतली तेव्हा शेती अवजारांचा एक विषय होता. सगळ्यांना तो कंटाळवाणा वाटायचा, कारण त्यात दातेच दाते होते. पुढे चळवळीत आल्यावर खतांच्या मात्रांपेक्षा त्या दात्यांचाच मला जास्त उपयोग झाला, हे इथे सांगून टाकतो.

आधी एक समजूत बाजूला करू. आपल्याकडे म्हणतात, चाक मोठं तर गाडी हलकी. बैलगाडीच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. मोठं लाकडी चाक खड्ड्यात कमी बसतं, दगडावरून सहज जातं. पण बैलगाडीला ओढतं कोण? बैल. ते जुवाला ओढतात, चाक नुसतं मागून फिरत येतं. ट्रकचं तसं नाही. ट्रकला कुणी पुढून ओढत नाही. इंजिन मागचा ॲक्सल पिळतं आणि त्या पिळण्यातून चाक जमिनीला मागे रेटतं. इथे मोठं चाक म्हणजे विहिरीवरच्या रहाटाचा ओंडका जाड केल्यासारखं आहे. ओंडका जाड केला तर एका फेऱ्यात दोर जास्त गुंडाळला जातो, बादली लवकर वर येते, पण फिरवणाऱ्याच्या दंडाला कळ लागते. दंड तेच, बादली तीच, वजन मात्र जाणवतं जास्त. ट्रकचा दंड म्हणजे इंजिन. टायर मोठा केला की इंजिनाच्या हातात जाड ओंडका दिला.

आता किती जाड, ते बघू. ९.०० - २० चा नवा टायर उभा मोजला तर साधारण १,०१८ मिलिमीटर भरतो, १०.०० - २० चा १,०५४ च्या आसपास. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. म्हणजे साडेतीन टक्क्यांची वाढ. अलीकडच्या गाड्यांवर २९५/९० आर २० असं लिहिलेलं असतं. त्याचा हिशेब कुणालाही जमेल. रुंदी २९५ मिलिमीटर, तिच्या ९० टक्के एका बाजूची उंची म्हणजे २६५.५, दोन्ही बाजू मिळून ५३१, आणि मधली रिम २० इंच म्हणजे ५०८. बेरीज १,०३९. टायरवर लिहिलेलंच असतं, फक्त वाचायचं.

पण खरं माप टायरवर नाही, जमिनीवर घ्यायचं. माल भरलेला असताना टायर खाली दबतो. म्हणून भरलेला ट्रक सपाट जागी उभा करा, टायरला आणि खाली जमिनीला खडूनं खूण करा, गाडी सरळ पुढे घ्या, टायरची खूण परत खाली आली की तिथे दुसरी खूण करा. मधलं अंतर टेपनं मोजा. ९.०० चा टायर एका फेऱ्यात ३.१ मीटरच्या आसपास जमीन कापतो, १०.०० चा ३.२ मीटरच्या आसपास. एका किलोमीटरला पहिल्याचे ३२३ फेरे, दुसऱ्याचे ३१२.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जुना टायर झिजलेला असतो. नक्षी दीड सेंटिमीटर झिजली तर उंची तीन सेंटिमीटर कमी होते. झिजलेले ९.०० काढून नवे कोरे १०.०० टाकले तर फरक साडेतीन टक्के राहत नाही, साडेसहा टक्क्यांवर जातो. मग ड्रायव्हर म्हणतो, नव्या टायरांनी गाडी जड झाली. तो खोटं बोलत नाही.

आता क्राऊन. मागच्या ॲक्सलच्या मध्ये जो फुगीर भाग दिसतो, त्यात एक मोठं दातेरी चाक आणि त्याला टेकलेलं एक लहान दातेरी चाक असतं. मोठा तो क्राऊन, लहान ते पिनियन. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ६ असतील तर ४१ भागिले ६, म्हणजे ६.८३. इंजिनाकडून येणारा दांडा ६.८३ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. ४३ आणि ७ असतील तर ६.१४. ४१ आणि ७ असतील तर ५.८६. आकडा मोठा तर गाडी ओढते, आकडा लहान तर गाडी पळते. गॅरेजमध्ये याला दहा नावं असतील, मी आपला ओढणारा आणि पळणारा म्हणतो.

टायर मोठा केला की गाडी पळण्याच्या बाजूला सरकते. तिला परत जागेवर आणायचं तर क्राऊनचा आकडा मोठा करावा लागतो. सूत्र त्रैराशिकाचं आहे: जुना आकडा गुणिले नव्या टायरची उंची भागिले जुन्या टायरची उंची. ६.८३ ला १,०५४ नं गुणा, १,०१८ नं भागा. उत्तर येतं ७.०७. म्हणजे जतच्या भावांनी १०.०० चे टायर टाकले आणि गाडीनं पूर्वीसारखंच ओढावं असं त्यांना वाटत असेल, तर त्यांना ७.०७ च्या जवळचा क्राऊन हवा. गॅरेजवाला काय सांगतोय? ४१-७ चा, ५.८६ चा. टायर एक पाऊल पळण्याकडे, क्राऊन दुसरं मोठं पाऊल त्याच दिशेला. दोन्ही मिळून वीस टक्के. भावांनो, ही दुरुस्ती नाही, एकाच खिशाला दोन भोकं आहेत.

वीस टक्के कुठे जातात, ते कुंभार्ली घाटात कळतं

आपण आज बसलोय ते गुहागर म्हणजे रस्त्याचं टोक. गुहागर-विजापूर रस्ता म्हणून जो आपल्याला माहीत आहे, ज्याला आता राष्ट्रीय महामार्ग १६६-ई म्हणतात, तो इथे समुद्राशी सुरू होतो. चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट, हेळवाक, कोयनानगर, पाटण, कराड आणि पुढे जत करत विजापूरला जातो. एका टोकाला नारळ-सुपारी, दुसऱ्या टोकाला शाळू. जतचा ट्रक याच रस्त्यानं भुसार, कांदा, कडबा घेऊन खाली उतरतो आणि इथून आंबा, नारळ, नाहीतर जांभ्याचा चिरा घेऊन वर चढतो. पोफळीपासून घाटमाथा सुमारे पाचशे मीटर उंच. कोयनेचं पाणी याच डोंगरातून खाली पोफळीकडे सोडून वीज करतात. ज्या उंचीवरून पाणी पडून वीज होते, तीच उंची आपला ट्रक चिऱ्याचं ओझं घेऊन चढतो.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजा म्हणून धरा, तुमच्या गाडीचे थोडे वेगळे असतील. माल धरून ट्रक १६ टन. इंजिनाची पिळण्याची ताकद ४० किलोग्रॅम-मीटर. गिअरबॉक्सचा दुसरा गिअर ४ चा, तिसरा अडीचचा. वाटेत दहा टक्के ताकद घासण्यात जाते असं धरू.

चढ वीसास एक असेल, म्हणजे वीस मीटर चाललं की एक मीटर वर, तर १६ टनांना ८०० किलोचा रेटा नुसता चढासाठी लागतो. टायर लोळवायला टनामागे दहा किलो धरले तर आणखी १६०. एकूण ९६०. चढ पंधरास एक झाला तर सव्वाबाराशे. वळणाच्या आतल्या अंगाला दहास एक मिळाला तर १,७६०. सपाटीवर किती लागतो? फक्त १६०, आणि वेगात वाऱ्याचा थोडा. सपाटीवर गाडी पळते म्हणून क्राऊन बरोबर आहे असं जो म्हणतो, त्यानं आठव्या भागाचीच परीक्षा घेतलेली असते.

आता गाडी काय देते ते बघा. ४१-६ चा क्राऊन आणि ९.०० चे टायर असताना तिसऱ्या गिअरमध्ये रेटा येतो १,२४५. पंधरास एकचा चढ जेमतेम निघतो. टायर तेवढे १०.०० चे केले, क्राऊन तोच ठेवला, तर रेटा १,२०७. वीस किलो कमी पडले! वीस किलो म्हणजे काय हो, सोळा टनांत वीस किलो? पण गिअरला अधलंमधलं काही नसतं. वीस किलो कमी पडले तरी दुसऱ्यात उतरावंच लागतं. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे फिरत असताना गाडी ताशी १६ किलोमीटरनं चढत होती, ती दुसऱ्यात तितक्याच फेऱ्यांवर साडेदहानं चढते. तीन टक्क्यांच्या टायरनं त्या टप्प्यावरचा वेग तिसऱ्या हिश्शानं खाल्ला. इंजिन तितकाच वेळ जास्त तापतं, डिझेल तितका वेळ जास्त जळतं.

आणि गॅरेजवाल्याचा सल्ला पूर्ण ऐकला, टायर १०.०० चे आणि क्राऊन ४१-७ चा, तर? तिसऱ्यात रेटा १,०३५. वीसास एक निघेल, पंधरास एक नाही. दुसऱ्यात १,६५६. दहास एकच्या वळणावर समोरून एसटी आली, तुम्ही थांबलात, आणि परत उचलायचं आहे. लागतात १,७६०, आहेत १,६५६. मग पहिला गिअर, अर्धा क्लच, जळक्या प्लेटचा वास, आणि क्लीनर खाली उतरून चाकाला दगड लावतोय. हे दृश्य कुंभार्लीत ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी हात वर करा... बघा, अर्ध्या सभेचे हात वर आहेत.

त्या बदल्यात हायवेला काय मिळालं? टॉप गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांवर आधी ताशी ५४ किलोमीटर मिळत होते, आता ६५ मिळतील. कराडपासून जतपर्यंत रिकामी गाडी छान पळेल. म्हणून मी म्हणतो, क्राऊन निवडायचा तो वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसासाठी. सगळ्यात जड माल, सगळ्यात खडा चढ. बाकीच्या दिवसांचं गिअरबॉक्स बघून घेतं.

पण चढ हा अजून सोपा भाग आहे. चढावर गाडी अडली तर फार तर थांबते. उतारावर थांबत नाही.

सोळा टन पाचशे मीटर खाली उतरवायचे म्हणजे किती शक्ती जिरवायची, ते मी विजेच्या युनिटमध्ये मोजून आणलं आहे. सुमारे २२ युनिट होतात. आपल्या घरी दिवसाला चार-पाच युनिट जळतात असं धरलं, तर घरची पाच दिवसांची वीज घाट उतरताना अर्ध्या-पाऊण तासात उष्णता होऊन कुठेतरी गेली पाहिजे. जायला वाटा दोनच, इंजिन नाहीतर ब्रेकचे ड्रम. इंजिनानं गाडी धरून ठेवायची तर इंजिनाचे फेरे वर असायला हवेत, म्हणजे गिअर खालचा आणि क्राऊन ओढणारा. पळणारा क्राऊन आणि मोठा टायर असला की त्याच गिअरमध्ये इंजिन सावकाश फिरतं, धरत नाही, आणि सगळा भार ड्रमवर येतो. त्यात मोठ्या टायरमुळे ब्रेकही उणा पडतो, कारण ड्रम तेवढाच राहिला आणि जमीन त्याच्यापासून लांब गेली. लायनर तापतात, वास येतो, पाय खाली जातो आणि गाडी मात्र हळू होत नाही. उताराला न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे शूर लोक आपल्याकडे आहेत. त्यांनी वाचवलेल्या डिझेलचा हिशेब त्यांच्या बायकांना विचारून बघा, त्या घाट उतरेपर्यंत जाग्या असतात.

ज्या गिअरमध्ये हा चढ चढलो असतो, त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये तो उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत आहे. क्राऊन बदलला की ती रीत आपोआप बदलते, आणि हे ड्रायव्हरला कुणी सांगत नाही. मालकानं गॅरेजमध्ये पैसे मोजले, पण स्टिअरिंगवर दुसराच बसलाय. त्याला सांगा हो.

कापूस जागेनं भरतो, ज्वारी वजनानं

यवतमाळ, परभणीकडचे भाऊ म्हणतील, आम्हाला कुठे कुंभार्ली आहे? बरोबर. तुमचा हिशेब वेगळा निघेल आणि निघालाच पाहिजे. कापूस आणि कडबा गाडीत जागेनं भरतो. गाडी हत्तीएवढी दिसते, पण काट्यावर हलकी असते. सपाट रस्ता, हलका माल, लांबचं अंतर, तर मधला क्राऊन, म्हणजे ६.१४ सारखा, तुम्हाला परवडेल. पण तुम्हाला मोठ्या टायरचा धोका दुसरीकडून आहे. आधीच उंच रचलेला कापूस, त्यात गाडी आणखी वर उचलली, की वळणावर आणि आडव्या वाऱ्यात ती डोलते. हलका माल उंचीवर असला की गाडी उलटायला फार वजन लागत नाही. आणि तोच ट्रक कापसाचा हंगाम संपल्यावर ज्वारीची, सिमेंटची पोती वाहायला लावणार असाल, मांजरसुंब्याचा घाट वाटेत असेल, तर हिशेब पोत्यांचा करा, कापसाचा नको.

तर मग चिठ्ठीचं उत्तर काय? मी असं सांगेन. टायरची उंची चार टक्क्यांच्या आत वाढत असेल आणि तुमचा क्राऊन आधीच ओढणारा असेल, तर क्राऊन उघडू नका. एक गिअर आधी बदला, एवढंच. चारच्या वर आणि आठच्या आत असेल तर रस्ता बघा. रोजचा घाट असेल तर बदला, नसेल तर राहू द्या. आठच्या वर गेला, समजा ८.२५ - २० काढून १०.०० - २० टाकले, तर बदलावाच लागेल. ६.१४ चा क्राऊन असलेल्या गाडीला त्या टायरांवर ६.६६ च्या जवळपास हवा. तो नेमका मिळणार नाही, मग शेजारचा ६.८३ घ्यायचा. दोन आकड्यांच्या मध्ये अडकलात तर मोठा आकडा घ्या, म्हणजे ओढणारा. तुमच्या ॲक्सलसाठी कंपनी जे जोड बनवते त्यातलाच घ्यायचा, हे सांगायला नको. आणि जोड म्हणजे जोडच. क्राऊन एका गाडीचा आणि पिनियन दुसरीचं असं भंगारातून आणून बसवलं, तर आठ दिवसांत ओरडायला लागतं आणि नंतर दात टाकतं. ही दोन चाकं एकमेकांवर घासून जुळवलेली असतात.

आपला क्राऊन कोणता, हे न उघडता कळतं. हाऊसिंगवर पट्टी शाबूत असेल तर तिच्यावर असतं. नसेल तर रिकामी गाडी सपाट, कठीण जागी लावा. पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका बाजूला पुढून-मागून लाकडी पाचरी घट्ट ठोका. मागची दुसरी बाजू जॅकनं उचला आणि ॲक्सलखाली भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. आता उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि मधला लांब दांडा किती वेळा फिरला ते दुसऱ्यानं मोजा. पावणेसातपेक्षा थोडं जास्त झालं तर ४१-६. सहापेक्षा थोडं जास्त तर ४३-७. सहाला थोडं कमी तर ४१-७. दोन फेरे का? एकच चाक फिरतं तेव्हा आतली यंत्रणा अर्धाच फेरा करते, म्हणून. गाडीखाली कुणीही घुसायचं नाही. दांडा बाजूनं दिसतो.

मोठे टायर टाकायचेच असतील तर आणखी दोन-तीन गोष्टी. ९.०० ला ७ इंची रिम लागते, १०.०० ला साडेसात इंची. रिम तीच ठेवून टायर फुगवला तर त्याचा आकार बिघडतो. मागे जोड टायर असतात. रुंद टायर आले की त्यांच्यातली फट कमी होते, माल भरल्यावर दोन्हींची पोटं एकमेकांना घासतात, तापतात आणि फुटतात. जोडीतला एक नवा आणि एक झिजलेला ठेवू नका. उंचीत सेंटिमीटरभर जरी फरक असला तरी मोठा सगळं ओझं उचलतो आणि लहान रस्त्यावर फरपटतो.

मीटरचंही बघा. पूर्ण शंभर किलोमीटर गेलात तर मोठ्या टायरवर मीटर ९७ दाखवेल. किलोमीटरवर भाडं घेत असाल तर तीन किलोमीटर फुकट. ॲव्हरेज काढलं तर तेही खोटं कमी येईल, आणि तुम्ही उगाच डिझेल पंपाला शिव्या द्याल. काटा ८० वर असेल तेव्हा गाडी साडेब्याऐंशीनं जात असेल. बऱ्याच गाड्यांत वेगाचं माप गिअरबॉक्सच्या मागून घेतात. तिथे क्राऊन योग्य त्या प्रमाणात बदलला तर मीटर आपोआप परत खरं होतं. चाकावरून माप घेणाऱ्या गाडीत होत नाही.

माल जास्त बसेल, असं गॅरेजवाला म्हणाला होता. टायर मोठा झाला म्हणून ॲक्सल मोठा होत नाही, पाटे जाड होत नाहीत, ड्रम वाढत नाहीत. जुलै २०१८ मध्ये सरकारनं मर्यादा वाढवली. चार टायरांच्या मागच्या ॲक्सलवर १०.२ टनांऐवजी ११.५ टन झाले. पण जुनी गाडी जुन्याच वजनासाठी बांधलेली आहे, तिला ते राजपत्र वाचता येत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्याच कलमावर सांगितलं. टायरचा आकार गाडीच्या नोंदणीत असतो. म्हणून कंपनीनं त्या मॉडेलला १०.०० चा टायर मंजूर केलेला आहे का, हे आधी बघा आणि आर.टी.ओ. मध्ये विचारा. नाहीतर घाटात अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी टायरवरचे आकडे वाचेल. नियम कसे असावेत यावर आपण दुसऱ्या बैठकीत भांडू, पण चार घरांचं कर्ज अंगावर असताना त्या भांडणासाठी आपला ट्रक पुढे करू नका.

शेवटचा मुद्दा माझ्या मूळ धंद्याचा. काही जण मोठा टायर मागतात ते काळ्या रानातून गाडी निघावी म्हणून. मोठ्या टायरनं वरचा चिखल थोडा कमी दबतो, हे खरं. पण वितीच्या खालची जमीन किती दबते, ते टायरच्या रुंदीपेक्षा ॲक्सलवरच्या ओझ्यावर ठरतं. दहा टनांचा ॲक्सल ओल्या रानात नेला तर खाली जो थर घट्ट होतो तो नांगराच्या फाळालाही लागत नाही, आणि पुढची काही वर्षं शाळूच्या मुळ्या त्याच्यावरच आडव्या पसरतात. शाळू तर नुसत्या खालच्या ओलीवर येणारं पीक. ट्रक बांधावर उभा करा, माल ट्रॅक्टरनं नाहीतर बैलगाडीनं बांधापर्यंत आणा.

आणि ट्रॅक्टरचं निघालंच आहे तर तिथेही हेच त्रैराशिक आहे. मागचे टायर चार टक्क्यांनी मोठे टाकले की त्याच गिअरमध्ये, त्याच फेऱ्यांवर ट्रॅक्टर चार टक्के जास्त वेगानं चालतो. फवारणीचा पंप मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, तो तेवढंच पाणी सोडतो. म्हणजे कपाशीवर एकरी चार टक्के औषध कमी पडलं. फार नाही, पण औषध लागू पडलं नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी टायर मोजा. आणि ट्रॅक्टर चारही चाकांनी ओढणारा असेल तर नुसते मागचे टायर कधीच बदलू नका. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झोंबत राहतील आणि मधले दाते जातील.

जतच्या भावांचा ट्रक बाहेर शाळेच्या मैदानात उभा आहे, रिकामाच आहे. पाचरी, जॅक आणि ठोकळा मी मागवून ठेवलाय. जेवण झालं की तिकडे या. टेप माझ्याकडे आहे, खडू कुणीतरी वर्गातून आणा. आधी क्राऊन मोजू, मग टायर. आणि ज्यांना आजच घाट चढून परत जायचं आहे त्यांनी उजेड असेतोवर निघावं.